दुःख आणि आत्मार्पण

क्रूस हे ख्रिस्ती धर्माचे सर्वपरिचित चिन्ह होय. रोमन साम्राज्यात गुलामांना व बंडखोरांना ह्याच क्रूसावर खिळून देहान्त शिक्षा दिली जात असे. यातनेच्या अशा साधनाला वंद्य मानणारा धर्म दुःखालाच पवित्र समजतो काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे.

शुभवर्तमानांचा आधार घेतल्यास ह्याचे उत्तर नकारार्थीच मिळते. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने, शक्य असल्यास हा दुःखाचा प्याला टळावा, अशी प्रार्थना केली आणि त्यानंतरच पित्याच्या इच्छेचा स्वीकार केला. दुःखाची कामना त्याने केली नाही. आजाऱ्यांनाही त्याने आजार सोसत राहण्याचा उपदेश न करता बरे केले. क्रूसाचा अर्थ पुढे अनेकांनी लावला. अकराव्या शतकाच्या अखेरीस अन्सेल्मने त्यात मानवी पापाने घडलेल्या ईश्वराच्या अवमानाची भरपाई पाहिली. बाराव्या शतकात अबेलार्डने मानवी अंतःकरणात प्रेम जागविणारी ईश्वरी प्रीती पाहिली. हे अर्पण स्वेच्छेने व दुसऱ्यांसाठी झाले, ह्याविषयी मात्र दोघांत मतभेद नाही.

हा विचार आचरणात कसा उतरतो, हे पाहण्यासाठी बेल्जियममधील धर्मगुरू डेमियन (१८४०–१८८९) यांचे उदाहरण घेऊ. कुष्ठरोगाला आळा घालण्यासाठी हवाई राज्याने १८६५ साली कायदा केला आणि १८६६ पासून रुग्णांना मोलोकाई बेटावरील कलावाओ येथे पाठविण्यास आरंभ केला. एका बाजूस उत्तुंग कडे, उरलेल्या बाजूंस समुद्र. तेथून परतीची वाट नव्हती. डेमियन १८७३ च्या मे महिन्यात तेथे गेले. धर्मगुरूंनी पाळीपाळीने तेथे राहावे, अशी मूळ योजना होती. डेमियन मात्र कायमचेच राहिले. त्यांनी घरे बांधली, पाण्याचे नळ आणले, जखमा बांधल्या, शवपेट्या तयार केल्या आणि कबरीही खणल्या. १८८४ च्या अखेरीस कढत पाण्यात पाय पडूनही त्यांना चटका जाणवला नाही. आपल्यालाही तोच रोग जडल्याचे त्यांनी ओळखले. १५ एप्रिल १८८९ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. २००९ साली त्यांना संतपद देण्यात आले.

डेमियन मोलोकाईला गेले ते रोग ओढवून घेण्यासाठी नव्हे. ते गेले माणसांसाठी. रोग आला तो त्या सान्निध्याच्या मागोमाग. त्यांच्या आत्मार्पणाचे मोल वेदनेच्या प्रमाणावर ठरत नाही. ते रोगमुक्त राहून वृद्धापकाळी वारले असते, तरी ते अर्पण उणे ठरले नसते.

येथे एक भेद कटाक्षाने जपावयास हवा. डेमियन यांनी तेथील वास्तव्य स्वतः पत्करले होते. रुग्णांवर ते कायद्याने लादले गेले होते. पतीपासून पत्नी, मातेपासून मूल तोडले गेले. ही सक्ती १९६९ पर्यंत टिकली आणि तोवर सुमारे ८,००० माणसे तेथे धाडली गेली. त्यांच्या दुःखाला बलिदान म्हणून गौरविणे म्हणजे अन्यायावर पवित्रतेचे पांघरूण घालणे होय. पीडितांना ‘आपला क्रूस मुकाट्याने वाहा’ असे सांगण्याचा प्रमाद धर्मसंस्थांच्या हातूनही वेळोवेळी घडला आहे. क्रूस स्वतः उचलावयाचा असतो; दुसऱ्याच्या खांद्यावर तो ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आज कुष्ठरोग औषधोपचाराने पूर्ण बरा होतो. ज्या वेदनेतून डेमियन यांची थोरवी प्रकट झाली, ती वेदना टाळता येते, ह्याचे सर्वाधिक समाधान त्यांनाच झाले असते. आत्मार्पणाची खरी ओळख हीच, की ज्या दुःखात ते उडी घेते, ते दुःख जगातून नाहीसे व्हावे, हीच त्याची इच्छा असते.