अरगट

बाजरी फुलोऱ्यात आली असावी, आभाळ भरून यावे आणि पावसाची झिमझिम थांबू नये, अशा दिवसांत शेतकरी चिंतेने कणसे न्याहाळू लागतो. कणसांतून मधासारखा चिकट द्रव पाझरू लागला, की अरगट ही बुरशी पिकात शिरली असे समजावे. काही दिवसांनी दाण्यांच्या जागी काळसर, कठीण गाठी दिसू लागतात.

या बुरशीच्या प्रजातीला क्लॅव्हिसेप्स म्हणतात. तिची एक जाती भारतात व आफ्रिकेत बाजरीवर वाढते, तर दुसरी युरोपात राय नावाच्या धान्यावर. मध्ययुगात तेथील गोरगरीब रायचाच पाव खात. गाठी दळलेले पीठ पोटात गेले म्हणजे रक्तवाहिन्या आकुंचन पावत, हातापायांची आग होई आणि बोटे काळी पडून झडत. लोक हा दैवी कोप मानीत. रोजच्या पावाचा संशय कोणाला येणार?

पुढे याच विषातून औषध निघाले. आर्थर श्टोल यांनी 1918 साली स्वित्झर्लंडमध्ये अर्गोटामाइन हे द्रव्य वेगळे केले. 1935 साली प्रसिद्ध झालेल्या अर्गोमेट्रिनने बाळंतपणातील रक्तस्राव थांबवून असंख्य मातांचे प्राण वाचविले.

बाजरीच्या अरगटातील द्रव्ये निराळी आहेत. त्यांनी मळमळ, वांती व घेरी येते. म्हणून पेरणीपूर्वी 10 लिटर पाण्यात 2 किलो मीठ विरघळवून त्यात बियाणे ओततात. हलक्या गाठी वर तरंगतात; त्या काढून जाळून टाकतात. तळाचे बी स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवितात.