सीलपॅक डब्याच्या आत काय आहे?

चि. छकुली,

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला की घरात पहिला विषय लॅपटॉपचा निघतो. वडिलांनी पैसे बाजूला काढलेले असतात आणि त्यांचा हट्ट एकच: मुलीला कुणाचं वापरलेलं द्यायचं नाही. त्या हट्टामागे माया आहे, तिचा मान राखायलाच हवा. तरीही तुझ्या या मामाचं मत वेगळं आहे. पैसे मोजके असतील तर सर्वांत वाईट खरेदी म्हणजे सर्वांत स्वस्त नवा लॅपटॉप.

बजेट कमी आहे म्हटल्यावर दुकानदार जो सीलपॅक डबा पुढे करतो, त्यात बरेचदा इंटेलच्या सेलेरॉन एन४०२० सारखा प्रोसेसर असतो. तो २०१९चा, दोन कोअरचा. सोबत ४ जीबी रॅम, तीही मदरबोर्डवर सोल्डर केलेली, आणि एसएसडीऐवजी ६४ जीबीची ईएमएमसी चिप. विंडोज ११ची किमान अट नेमकी एवढीच आहे: ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा. म्हणजे हा लॅपटॉप पहिल्याच दिवशी काठावर पास झालेला असतो. पुढे अँड्रॉइड स्टुडिओ लागेल तेव्हा काय? एम्युलेटरसह तो चालवायचा तर गूगल किमान १६ जीबी रॅम सांगतं.

आता दुसरी बाजू, वापरलेल्या लॅपटॉपची. मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांसाठी डेल लॅटिट्यूड, एचपी एलिटबुक, लेनोव्हो थिंकपॅड अशी मॉडेलं घेतात, पुष्कळदा भाडेकरारानं, आणि तीन-चार वर्षांनी एकदम बदलतात. तो माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये येतो. ही यंत्रं ऑफिसच्या रोजच्या राबत्यासाठी बांधलेली असतात, आणि उघडून दुरुस्त करता येतील अशी असतात. २०१८चा थिंकपॅड टी४८० घ्या. रॅमसाठी दोन स्लॉट, एसएसडी बदलता येते आणि बॅटऱ्या दोन, त्यातली एक बाहेरून काढता येणारी. आज ८ जीबीवर भागलं तर पुढे १६ करता येते. फक्त २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत, म्हणून शक्य असेल तर १६ बसवलेलाच घ्यावा.

जुन्या बाजारात विद्यार्थी हमखास फसतो तो स्टिकरवर. ‘आय७ आहे, स्वस्तात आहे’ असं ऐकलं की डोळे चमकतात. पण आय७-७५००यू मध्ये कोअर दोनच, आणि २०२२च्या साध्या आय३-१२१५यू मध्ये सहा. आकडा पाहायचा तो डॅशनंतरचा, पिढी सांगणारा. इंटेलमध्ये आठव्या पिढीच्या खाली उतरूच नये. विंडोज ११ अधिकृतपणे साधारण तिथूनच सुरू होतं, आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आहे.

तरी खरी मेख कुलपात आहे, आणि इथे घाई केलेली मामाला चालणार नाही. कंपनीतून निघालेल्या काही लॅपटॉपवर बायॉसचा पासवर्ड राहिलेला असतो. काही यंत्रं कंपनीच्या नावावर ऑनलाइन नोंदलेली असतात. विंडोज नव्यानं टाकून इंटरनेट जोडलं की पडद्यावर त्या कंपनीचं नाव येतं आणि तिचा लॉगिन मागितला जातो. मॅकबुकवर हेच काम अ‍ॅक्टिव्हेशन लॉक करतं. म्हणून दुकानातच विंडोज रीसेट करायला लावावं, मोबाइलचा हॉटस्पॉट जोडावा आणि सेटअप शेवटपर्यंत पुरा करावा. ‘घरी जाऊन होईल’ म्हणणाऱ्या दुकानातून सरळ बाहेर पडावं. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्यावा. बिल नसेल तर माल चोरीचाही असू शकतो.

बॅटरीची परीक्षा सोपी आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’च्या आज्ञेनं बॅटरी रिपोर्ट निघतो. त्यात डिझाइन कपॅसिटी ५०,००० आणि फुल चार्ज कपॅसिटी ३०,००० दिसली, तर बॅटरी ६० टक्केच उरली आहे. मग नव्या बॅटरीची किंमत धरून भाव पाडून मागावा. बिजागऱ्या, प्रत्येक कळ, प्रत्येक यूएसबी पोर्ट तिथेच तपासावं. ‘टेस्टिंग वॉरंटी’ किती दिवसांची, तेही बिलावर लिहून घ्यावं.

नवा कधी घ्यावा? बजेट वाढून १६ जीबी रॅम, एसएसडी आणि अलीकडच्या पिढीचा प्रोसेसर मिळत असेल, तर खुशाल नवाच घ्यावा. वॉरंटीचा आधार मोठा असतो. त्रिमितीय डिझाइन किंवा ग्राफिक्सचं जड काम असेल तरीही नवाच, कारण अशा कामाला लागणारा गेमिंग लॅपटॉप आधीच्या मालकाकडे किती तापला हे वरून कळत नाही. कॉलेज आडगावात असेल आणि जवळ दुरुस्तीवाला नसेल, तर घरी येऊन दुरुस्त करून देणाऱ्या वॉरंटीसाठी थोडे जास्त पैसे मोजावेत.

सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात सगळेच धावतात, तेव्हा खरेदी करू नये. पहिले काही दिवस कॉलेजच्या लॅबमध्ये निभतात. तेवढ्यात वरच्या वर्गातल्या मुलींना विचारून घे, कोणतं सॉफ्टवेअर खरोखर लागतं ते. मग बाबांना घेऊन ये. लॅमिंग्टन रोडची बरीच दुकानं रविवारी बंद असतात, तेव्हा शनिवारी सकाळी ग्रँट रोड स्टेशनवर भेटू. चार्जिंगला लावून बघायला वेळ लागतो, म्हणून दुपार मोकळी ठेवा.

तुझा,
मामा