तेल ओतण्याआधी काडी बघा : ट्रॅक्टरचा गिअर बॉक्स आणि डिफरेन्शियल



सोयाबीनची मळणी उरकत आली. सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे बाभळी बंधाऱ्याची दारं १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडी असतात. ती खाली आली की आपल्याकडं हरभऱ्याची घाई सुरू, मग ट्रॅक्टरला उसंत नाही. म्हणून पेरणीयंत्र जोडायच्या आधीच आजचा मेसेज नीट वाचा. गाडी चालवणारं पोरगं वेगळं असेल तर त्यालाही वाचून दाखवा.

इंजिनचं तेल आपण सगळेच बघतो. सीटखालच्या हाऊसिंगमधलं तेल मात्र लिफ्ट उचलेना झाली की आठवतं. बहुतेक ट्रॅक्टरमध्ये गिअर बॉक्स, डिफरेन्शियल आणि हायड्रॉलिक लिफ्ट एकाच तेलावर चालतात. तेलात बुडालेले ब्रेक असतील तर तेही त्यातच. मॉडेलप्रमाणे हे तेल साधारण तीस ते साठ लिटर बसतं. काही गाड्यांत हायड्रॉलिकचं तेल वेगळं असतं, ते गाडीच्या पुस्तकात बघून घ्या. एवढं तेल आहे म्हणून दोन-चार लिटर कमी झालं तर काय बिघडतं, असं वाटतं. तेल का कमी झालं हे न बघता वरून ओतलं की बिघडतं.

तपासायची रीत अशी. गाडी सपाट जागेवर उभी करा, बांधावर किंवा उतारावर नको. लिफ्टचे हात पूर्ण खाली सोडा. हात वर असले तर तेल सिलिंडरमध्ये अडकतं, काडीवर कमी दिसतं, आपण भर घालतो आणि हात खाली आल्यावर तेल जास्त होतं. इंजिन बंद करून पंधरा मिनिटं थांबा, तेवढ्यात एक चहा होतो. काडीच्या भोवतीची माती आधी ब्रशने झाडा, मग फडक्याने पुसा. हंगामात तिथं बोटभर धूळ बसलेली असते, काडी ओढली की ती सरळ गिअरवर पडते. काडी काढून कोरडी पुसा, परत घाला, परत काढा. तेल दोन खुणांच्या मध्ये पाहिजे. काडी आट्याची असेल तर ती फिरवून बसवून मोजायची की नुसती टेकवून, हे कंपनीगणिक बदलतं. तेही पुस्तकात दिलेलं असतं.

आता लगेच डबा उचलू नका. काडीवरचं तेल दोन बोटांत घेऊन उजेडात बघा.

तेल ताकासारखं, दुधाळ दिसत असेल तर त्यात पाणी शिरलंय. यंदा ज्यांची गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिली, नाल्यातून गेली किंवा पलीकडं तेलंगणात भाताच्या चिखलणीला गेली, त्यांनी हे बघितल्याशिवाय नांगर जोडूच नये. पाणी एक्सलच्या सीलमधून शिरतं, गिअरच्या दांड्याच्या रबरातून शिरतं आणि ब्रीदरमधूनही शिरतं. ब्रीदर म्हणजे हाऊसिंगला श्वास घ्यायला ठेवलेली लहान टोपी. तापलेली गाडी एकदम पाण्यात गेली की आतली हवा आक्रसते आणि बाहेरचं पाणी ओढून घेते. शंका असली तर जुन्या पळीत थोडं तेल घेऊन चुलीवर तापवा. चुरचुर आवाज करून उडायला लागलं तर पाणी नक्की. तोंड लांब ठेवा, लेकरांना जवळ येऊ देऊ नका आणि ती पळी परत स्वयंपाकाला वापरू नका. पाणी असलेल्या तेलात भर घालून काही उपयोग नाही, ते सगळं काढावंच लागतं. तसंच चालवलं तर बेअरिंग गंजतात आणि दोन-तीन महिन्यांनी आवाज सुरू होतो. तेव्हा खरेदीचा हंगाम असतो आणि मिस्त्री हाताला लागत नाही.

तेल काळं आणि करपट वासाचं असेल तर ते जळालंय. बोटांना रेतीसारखं लागलं तर धूळ गेलीय किंवा धातू झिजतोय. ड्रेन नटाला चुंबक असेल तर त्यावर राखाडी लोण्यासारखा थर दिसतो. तो थोडा असणारच, त्याला घाबरू नका. पण बाजरीच्या दाण्याएवढा तुकडा किंवा कपची निघाली तर गिअरचा दात किंवा बेअरिंग तुटतंय. गाडी तिथंच थांबवा. सोनेरी चकाकी दिसली तर पितळी बुश खाल्ली जातेय.

तेल स्वच्छ आहे पण कमी आहे, तर ते गेलं कुठं? आधी चाकांच्या आतल्या बाजूला बघा. एक्सलचं सील गेलं की तेलाचा ओघळ रिमवर येतो. कोरडे ब्रेक असलेल्या जुन्या गाडीत हेच तेल ब्रेकवर जातं. मग भरली ट्रॉली घेऊन उतारावर ब्रेक दाबला तरी गाडी थांबत नाही, आणि त्याचं खापर आपण ब्रेकवर फोडतो. पीटीओच्या शाफ्टखाली बघा. क्लच हाऊसिंगच्या खालच्या भोकातून थेंब पडतात का बघा, तिथून गिअरचं तेल येत असेल तर आतलं सील गेलंय.

कुठंच गळत नसेल तर तुमची हायड्रॉलिक ट्रॉली आठवा. ट्रॉलीच्या जॅकमधलं तेल बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टरचंच असतं. जॅक वर असताना ट्रॉली सोडली तर तेल तिच्यातच राहिलं. आज तुमच्या गाडीला, उद्या मामाच्या गाडीला, परवा भाड्याने तिसऱ्याला असं चालतं तेव्हा तीन गाड्यांचं तेल आणि तीन गाड्यांचा कचरा एकमेकांत फिरत असतो. तेल मोजताना ट्रॉली खाली टेकलेली असू द्या, आणि नळी जोडण्याआधी दोन्ही तोंडं पुसा.

यावरून आपल्याच अवजार बँकेची गोष्ट सांगतो. चूक आमची होती. एक ट्रॅक्टर ट्रॉली सोडून परत आला, तेल कमी दिसलं. चालवणाऱ्या पोराने चांगल्या मनाने कोपऱ्यातल्या डब्यातलं नव्वद नंबरचं गिअर तेल चार लिटर ओतलं. त्या गाडीचे ब्रेक तेलात बुडालेले. आठवडाभरात ब्रेक दाबला की हंबरल्यासारखा आवाज यायला लागला, आणि सकाळी थंडीत लिफ्ट रेंगाळायला लागली. सगळं तेल काढावं लागलं, फिल्टर बदलला. तोवर पेरणीला नंबर लावून बसलेल्या सभासदांना दुसरीकडं हात पसरावे लागले. पोराला कुणी रागावलं नाही, कारण कुठल्या गाडीला कुठलं तेल हे आम्ही कुठं लिहूनच ठेवलं नव्हतं. आता प्रत्येक गाडीच्या मडगार्डवर आतून रंगाने तेलाचं नाव लिहिलंय. तुम्हीही लिहा, खडूने नको.

तेलाचा फरक एवढाच समजून घ्या. बुडालेल्या ब्रेकच्या गाडीला ट्रॅक्टरसाठीचं खास ट्रान्समिशन तेल लागतं, त्याला बाजारात यूटीटीओ किंवा वेट ब्रेक ऑइल म्हणतात. त्यात ब्रेकच्या चकत्या कुरकुरू नयेत असं औषध घातलेलं असतं, साध्या नव्वद नंबरमध्ये ते नसतं. उलट जीएल-५ लिहिलेल्या तेलात दाब सोसायचं गंधकाचं औषध जास्त असतं. डिफरेन्शियलच्या दातांना ते चांगलं, पण काही गिअर बॉक्समधल्या पितळी भागांना ते खातं. म्हणून ‘जीएल-५ भारी असतं, तेच द्या’ असं दुकानात म्हणू नका, पुस्तकातला नंबर वाचून मागा. इंजिनचं जळकं तेल तर कधीच ओतू नका. सुटं तेल स्वस्त मिळतं हे खरं, पण सीलबंद डबा आणि पक्की पावती घेतली तर पुढं भांडायला कागद हातात राहतो.

भर घालताना अर्धा-अर्धा लिटर घाला, थांबा, परत मोजा. वरच्या खुणेच्या वर गेलं की तेल फेसाळतं, तापतं आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून बाहेर येतं. नाळकं धुऊन वाळवलेलं असावं.

दोन जागा हमखास विसरतात. एक, फोर व्हील गाडीचं पुढचं डिफरेन्शियल आणि पुढच्या चाकांचे हब. त्यांचं तेल मागच्यापेक्षा वेगळं मोजायचं असतं. दुसरी, रोटाव्हेटरचा गिअर बॉक्स. त्यात तेल थोडंच असतं, म्हणून सील फुटलं की एका दिवसात कोरडा पडतो. पात्यांना गवत आणि दोरी गुंडाळली की तीच सील कापते. रोज संध्याकाळी दोरी काढा आणि लेव्हल नट उघडून बघा.

मिरची घेऊन मोंढ्यात येणाऱ्या पिकअपवाल्यांसाठी दोन ओळी. पिकअपला काडी नसते. गिअर बॉक्स आणि मागचं डिफरेन्शियल दोन्हीला बाजूला नट असतो, तेल त्या भोकाच्या खालच्या कडेला टेकलेलं पाहिजे, बोट घालून बघा. गाडी चौकडून सारखी उभी असावी, नुसता मागून जॅक लावून माप खोटं येतं. तेल बदलणार असाल तर भरायचा नट आधी सैल करून बघा. खालचा उघडून तेल सांडलं आणि वरचा निघालाच नाही तर गाडी तिथंच बसते. दोन्ही जागांचं तेल एकच असेल असं धरून चालू नका.

काढलेलं तेल नाल्यात, विहिरीजवळ टाकू नका. डब्यात भरून अवजार बँकेत आणून द्या.

तेल दुधाळ किंवा चकाकणारं दिसलं तर काडीचा फोटो पांढऱ्या कागदावर ठेवून उन्हात काढा, आणि ट्रॅक्टरचं मॉडेल व तासांच्या मीटरचा आकडा लिहून याच नंबरवर पाठवा. संध्याकाळी सात ते नऊ उत्तर देऊ.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी, धर्माबाद
अवजार बँक विभाग