कच्चट मटण-चिकन खाल्ले गेले, आता काय करावे?

रविवारची संध्याकाळ. पोरगा नाक्यावरच्या गाडीवर तंगडी खाऊन घरी येतो आणि सहज बोलून जातो, "आई, वरून लाल होती, पण हाडाजवळ कच्चीच लागली." झाले! आजी म्हणते, मिठाचे पाणी पाजून ओकायला लावा. काका म्हणतात, मेडिकलमधून अँटिबायोटिकची गोळी आणतो. आईला रात्रभर झोप नाही.

वाचकहो, असा प्रसंग बहुतेक घरांत येऊन गेलेला असतो. पोटात गेलेला घास काळजी करून परत येत नाही. मात्र पुढचे काही दिवस कशाकडे लक्ष ठेवायचे, हे माहीत असेल तर माणूस वाचतो आणि पैसाही वाचतो.

आधी हे तीन करू नका

कच्चट मांस खाणारा प्रत्येक जण आजारी पडत नाही. मांसात जंतू होते का, किती होते आणि खाणाऱ्याची ताकद किती, यावर ते ठरते. म्हणून:

१. ओकायला लावू नका. त्याचा उपयोग होत नाही, उलट ओकारी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

२. त्रास नसताना अँटिबायोटिक घेऊ नका. त्याने आजार टळत नाही. उलट जंतू औषधाला सरावतात आणि खरी गरज पडेल तेव्हा तीच गोळी लागू पडत नाही.

३. दारू, लिंबू किंवा तिखट यांनी पोटातले जंतू मरतील, या भ्रमात राहू नका.

करायचे ते एवढेच: काय खाल्ले, किती वाजता खाल्ले आणि सोबत कोणी खाल्ले, हे लिहून ठेवा. उरलेले असेल तर पुन्हा पूर्ण शिजवा किंवा टाकून द्या.

घड्याळ काय सांगते?

प्रत्येक जंतूची आपली वेळ असते.

• अर्ध्या तासापासून ८ तासांपर्यंत जोराच्या उलट्या सुरू झाल्या, तर बहुधा अन्नात आधीच तयार झालेले विष पोटात गेलेले असते. स्टॅफिलोकोकस हा जंतू स्वयंपाक्याच्या हातावरच्या जखमेतून किंवा नाकातून अन्नात येतो. त्याचे विष पुन्हा उकळूनही जात नाही.

• ६ ते २४ तासांत पोटात कळा आणि जुलाब सुरू होणे, हे मोठ्या पातेल्यातल्या मटणाचे दुखणे. हळदीला, लग्नाला रात्री रस्सा शिजतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तसाच कोमट राहतो. शिजतानाही जिवंत राहिलेली जंतूंची बीजे त्यात वाढतात. बहुतेकांना हा त्रास एका दिवसात थांबतो.

• ६ तासांपासून ६ दिवसांपर्यंत ताप, कळा आणि जुलाब आले, तर साल्मोनेला असू शकतो. कच्चट कोंबडी आणि कच्ची अंडी यांतून तो येतो.

• २ ते ५ दिवसांनी, कधी रक्त पडणारे जुलाब झाले, तर कॅम्पिलोबॅक्टर असू शकतो. हाही मुख्यतः कोंबडीतून येतो.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. एक, "काल रात्रीच्या जेवणानेच झाले" असे म्हणून शेजारणीवर किंवा आचाऱ्यावर लगेच आळ घेऊ नये. कारण तीन-चार दिवसांपूर्वीचे खाणेही असू शकते. दोन, सात दिवस काही त्रास झाला नाही, तर या जंतूंची काळजी सोडून द्यायला हरकत नाही.

जुलाब लागले तर पाणी हेच पहिले औषध

जुलाबात जीव जातो तो बहुधा अंगातले पाणी आणि मीठ निघून गेल्याने. १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तियुद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा घातलेले पाणी पिंपात भरून ठेवले. नातेवाइकांनीच ते रोग्यांना पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. सलाईनची बाटली लावल्याशिवाय माणूस बरा होत नाही, असे मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

ओआरएसची पुडी सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे मोफत मिळते. मोठी पुडी पूर्ण १ लिटर पाण्यात घालावी. निम्मी-निम्मी करू नये. पुडी नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्याने ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ जास्त झाले तर लहान मुलाला अपाय होतो, म्हणून अंदाजाने टाकू नये. केलेले पाणी झाकून ठेवावे आणि २४ तासांनी उरलेले फेकावे.

दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप आणि त्याहून मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप पाजावे. मोठ्या माणसाने हवे तितके प्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करावे. अंगावरचे दूध बंद करू नये. पेज, मऊ भात, मुगाची खिचडी, केळे, ताक चालू ठेवावे. पाच वर्षांखालील मुलांना झिंकच्या गोळ्या १४ दिवस देतात. मात्रा आशाताई किंवा नर्स सांगतील. जुलाब थांबले तरी गोळ्या पूर्ण कराव्यात.

जुलाब एकदम बंद करणारी गोळी लहान मुलाला कधीही देऊ नये. रक्त पडत असेल किंवा ताप असेल, तर मोठ्यांनीही ती घेऊ नये.

दवाखाना केव्हा गाठायचा?

पुढीलपैकी एक जरी खूण दिसली तरी उद्यावर ढकलू नका:

• शौचातून रक्त पडणे
• १०२ अंशांच्या वर ताप
• पाण्याचा घोटही पोटात न टिकणे
• सहा-आठ तास लघवी न होणे, डोळे खोल जाणे, चक्कर येणे, मूल मलूल पडणे
• तीन दिवसांनंतरही जुलाब न थांबणे
• डोळ्यांना दोन दिसणे, बोलणे जड होणे, हातपाय लुळे पडणे

तान्हे मूल, साठीच्या पुढचे माणूस, गरोदर बाई, मधुमेही, एचआयव्ही किंवा किडनीचा रुग्ण असेल, तर एवढी वाट न पाहता जुलाब किंवा ताप सुरू होताच दाखवा. गरोदर बाईने कच्चट मांस खाल्ले असेल, तर त्रास नसला तरी तपासणीच्या वेळी सांगावे. टोक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू आईला न जाणवताही बाळाला इजा करू शकतो. रुग्ण गळून गेला असेल तर १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका मोफत आहे.

डुकराच्या मांसाची वेगळी गोष्ट

डुकराचे मांस कच्चट खाल्ले, तर त्यातल्या अळीपासून आतड्यात फितीसारखा चपटा जंत वाढू शकतो. तो वाढायला साधारण दोन महिने लागतात. म्हणजे इथे सात दिवसांचा हिशेब चालत नाही. शौचात पांढरे, चपटे, हलणारे तुकडे दिसले तर दवाखान्यात सांगावे. जंताची कोणतीही गोळी मनाने घेऊ नये. पूर्वी कधी फिट आली असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण त्यावर औषध ठरते. बकऱ्याच्या किंवा कोंबडीच्या मांसातून हा जंत होत नाही.

आता एक मोठा गैरसमज. "डुकराचे मांस खाल्ले की जंत मेंदूत चढतो" असे लोक म्हणतात. मेंदूत गाठ होऊन फिट येते, ती या जंताची अंडी पोटात गेल्याने. अंडी मांसात नसतात. जंत झालेल्या माणसाच्या विष्ठेतून ती बाहेर पडतात आणि न धुतलेल्या हातांवरून, भाजीवरून, पाण्यातून दुसऱ्याच्या तोंडात जातात. म्हणून आयुष्यात मांस न खाल्लेल्या माणसालाही हा आजार होतो. यावरचा उपाय म्हणजे जंताचा उपचार, शौचानंतर साबणाने हात धुणे आणि शौचालयाची नीट सोय.

विकत घेताना मांसात साबुदाण्यासारखे पांढरट फोड दिसले तर ते घेऊ नका.

पुढच्या वेळी चुलीपाशी

बकऱ्याच्या मोठ्या तुकड्यावर जंतू बहुधा बाहेरच्या बाजूला असतात. खिमा करताना ते सगळीकडे मिसळतात. कोंबडी तर आतपर्यंत शिजलीच पाहिजे. कोंबडीच्या आत ७४ अंश सेल्सिअस उष्णता पोहोचली की हे जंतू मरतात. रटरटणारा रस्सा सुमारे १०० अंशांवर असतो आणि कुकरमध्ये त्याहून जास्त. त्यामुळे घरच्या रश्शाला भीती कमी. धोका असतो तो मोठ्या आचेवर झटपट तळलेल्या तंगडीला, लॉलीपॉपला, निखाऱ्यावरच्या तुकड्याला आणि घाईत परतलेल्या कलेजीला.

सर्वांत जाड तुकडा हाडापर्यंत फोडून पाहावा. मांस गुळगुळीत, रबरासारखे लागले किंवा लालसर पाणी निघाले तर पुन्हा शिजवावे. कोवळ्या कोंबडीचे हाड शिजल्यावरही काळपट-लाल दिसते. त्यामुळे नुसत्या हाडाच्या रंगावरून घाबरू नये. गोठवलेले चिकन पूर्ण सुटल्यावरच तळावे. वजरी साफ करून कुकरमध्येच शिजवावी.

कच्चे चिकन नळाच्या धारेखाली धुऊ नये, कारण शिंतोडे शेजारच्या भांड्यांवर उडतात. धुवायचेच तर पातेल्यात हलक्या हाताने धुवा आणि नंतर हात व मोरी साबणाने स्वच्छ करा. ज्या विळीवर चिकन कापले, तिच्यावर न धुता कांदा-काकडी चिरू नका. रस्सा नीट शिजतो, पण कोशिंबीर शिजत नाही. जेवण झाल्यावर उरलेला रस्सा दोन तासांच्या आत लहान, पसरट भांड्यांत काढून थंड करावा आणि फ्रिजमध्ये ठेवावा. फ्रिज नसेल तर उरणार नाही इतकेच शिजवावे.

घरात वाचून दाखवा

कच्चट खाल्ले तर वेळ लिहा. सात दिवस लक्ष ठेवा. जुलाब लागताच ओआरएस सुरू करा. गोळी मनाने घेऊ नका. रक्त, ताप किंवा लघवी बंद झाली तर लगेच दवाखाना गाठा. आणि आज एक काम करा: ओआरएसच्या दोन पुड्या आणून घरात सर्वांना दिसतील अशा जागी ठेवा.