१,४२,८५७ : एका संख्येचा पाठ

देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी शोधलेले दोन गुणधर्म १,४२,८५७ या एकाच संख्येत आढळतात. तिच्या अंकांची बेरीज २७. या बेरजेने संख्येस निःशेष भाग जाऊन ५,२९१ येतात, म्हणून ती हर्षद संख्या. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. २०४०८ व १२२४४९ यांची बेरीज पुन्हा १,४२,८५७, म्हणून ती कापरेकर संख्या.

तिला २ ते ६ ने गुणिले असता तेच अंक त्याच क्रमाने चक्राकार फिरतात. ७ ने गुणिता ९,९९,९९९ येतात.

जामनेर तालुक्यातील शिक्षकांनी गुणाकाराच्या सरावास ही संख्या द्यावी. हातचा चुकला की चक्र मोडते, आणि आपली चूक मुलास स्वतःच सापडते. पाटी तपासून घेण्याचे भय त्यामुळे उरत नाही.