घसाऱ्याचे खाते आणि देशाची वीज

नवे यंत्र घेताना व्यापारी फारसा गोंधळत नाही. ते जुने झाल्यावर काय करावे, हा खरा प्रश्न असतो. आपण दरवर्षी हिशेबात घसारा लिहितो. परंतु तेवढी रक्कम दुरुस्तीसाठी खरोखर बाजूस काढून ठेवणारी पेढी विरळाच. हाच प्रश्न राष्ट्रापुढेही उभा असतो. तो कसा, हे तारापूरच्या उदाहरणावरून पाहू.

महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील तारापूर अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. भारतातील हे पहिलेच अणुवीज केंद्र होय. त्याचे इंधन पुढे आपल्याच हैदराबादेत, १९७१ साली स्थापन झालेल्या अणुइंधन संकुलात तयार होऊ लागले. आरंभीचे दोन संच प्रत्येकी २१० मेगावॅटचे होते. कालांतराने दुय्यम वाफजनित्रांच्या नळ्या गळू लागल्या; तेव्हा तो भाग वगळून संच १६० मेगावॅटवर चालविण्यात आले. २००५-०६ मध्ये ते बंद ठेवून सुरक्षिततेची मोठी कामे झाली. २०२० मध्ये ते पुन्हा थांबविण्यात आले व अणुभट्टीत पाणी खेळविणारे जुने नळ बदलण्याचे काम हाती घेतले गेले.

इतका खटाटोप कशासाठी? जागा, समुद्राचे पाणी, वीज वाहून नेणाऱ्या तारा आणि अनुभवी माणसे तेथे आधीच आहेत, हे त्याचे उत्तर. मात्र जुन्याचा मोह तपासणीपुढे टिकता कामा नये. म्हणूनच १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी मुदतीचीच असते. शिवाय केंद्र कायमचे बंद करावे लागेल त्या दिवसासाठी दर युनिटमागे दोन पैसे आकारण्याची पद्धत आपल्या अणुविजेच्या दरात आहे. शेवटचा खर्च पहिल्या दिवसापासून लिहिणे, यालाच आम्ही खरा घसारा म्हणतो.

आता आपल्या मलकपेठ गंजाकडे वळू. एखादा संच दुरुस्तीस थांबला की तेवढी वीज दुसरीकडून आणावी लागते. अशा वेळी वाचविलेली वीज हीच सर्वांत स्वस्त वीज ठरते. जुना पंखा सुमारे ७५ वॅट खातो, नव्या बीएलडीसी पद्धतीचा सुमारे ३०. वीस पंखे रोज दहा तास चालले, तर दिवसाला ९ युनिट आणि ३०० दिवसांत २,७०० युनिट वाचतात. वाहतुकीत वीज वाटेतही गळते. त्यामुळे दुकानी वाचलेले एक युनिट केंद्रातील एकाहून अधिक भरते.

मिरचीच्या पोत्यांनी भरलेल्या गोदामात जुनाट तारा व सैल जोड हा तर प्रत्यक्ष आगीचा धोका. तेथील घसारा केवळ कागदावर राहिला, तर त्याची किंमत हमालांच्या जिवाने मोजावी लागेल. म्हणून वर्षातून एकदा जाणत्या तारतंत्र्याकडून संपूर्ण तपासणी करवून घ्यावी, ही आमची आग्रहाची विनंती.

श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरमण हे एक व्रत आहे. निष्प्रयोजन हिंसा टाळावी, हा त्याचा आशय. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा व जळणारा दिवा कोणाच्या प्रयोजनासाठी? दिवाळीला नव्या वहीचे पूजन करताना प्रत्येक सभासदाने दुरुस्तीचे एक स्वतंत्र खाते उघडावे आणि त्यात प्रतिमास काही रक्कम जमा करावी. व्रत आणि व्यवहार तेथे एकाच पानावर येतील.