लाळ-खुरकुताचा हिशेब : लस महाग की आजार?



उसाची लागण पाहायला शिवारात गेलो की बांधावर गुरांचा विषय निघतोच. परवा एक सभासद म्हणाले, "साहेब, लस टोचली की दोन दिस दूध कमी येतंय. गाय तर धडधाकट हाय. कशाला उगं?" प्रश्न रास्त आहे. लसीनंतर दूध थोडे घटू शकते. म्हणून आम्ही तिथेच त्यांच्याबरोबर हिशेब मांडला. आकडे त्यांच्या अंदाजाचे. आपण आपल्या गोठ्याचे घालावेत.

गाय दहा लिटरची, दर ३० रुपये. लाळ-खुरकूत झाल्यावर २० दिवस रोज ६ लिटर दूध गेले, ते ३,६०० रुपये. औषधपाणी २,०००. बरी झाल्यावरही १५० दिवस रोज एक लिटर कमी, ते ४,५००. दोन माज हुकले, म्हणजे ४२ दिवसांचा भाकड खर्च, रोजचे १०० धरून ४,२००. आजारपणात गाईने खाल्ले नाही म्हणून ५०० रुपयांचे पशुखाद्य वाचले, तेही वजा केले. नुकसान १३,८०० रुपये. आणि गाय मेलेली नाही बरं का!

आता लस. केंद्राच्या २०१९ सालच्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती मोफत टोचतात, वर्षातून दोनदा, कारण तिचा जोर साधारण सहा महिनेच टिकतो. दोन वेळा अर्धा-अर्धा दिवस मोडला त्याचे ४०० रुपये, घटलेल्या आठ लिटर दुधाचे २४०. एकूण ६४०.

लस घेतलेले प्रत्येक जनावर वाचतेच असे नाही. शंभरातली ऐंशी वाचतील असे धरले तर लसीमुळे वाचणारी रक्कम ११,०४० रुपये. तिला ६४० ने भागा. सतरा येतात. म्हणजे गोठ्यात हा आजार सतरा वर्षांत एकदाच आला तरी लसीचा खर्च फिटतो. सभासदांनी कागद घडी घालून खिशात ठेवला.

बैलांचे गणित याहून कडक. एक बैल बसला की जोडीच बसते. खेपा बंद, वैरण चालू आणि उचल अंगावर. शिवाय खुरकूत होऊन गेलेली काही जनावरे पुढे उन्हात धापा टाकतात. बाजारात अशा बैलाला गिऱ्हाईक हात लावीत नाही.

हे नुकसान कोणी भरून देत नाही. २०२२ साली लम्पी आला तेव्हा शासनाने मृत दुधाळ जनावरामागे ३० हजार आणि ओढकामाच्या जनावरामागे २५ हजार रुपये मदत दिली. ती मेलेल्याची. आजारातून उठलेल्या जनावराचे घटलेले दूध मालकालाच सोसावे लागले.

गाडीतळावर जनावरे खेटून बांधलेली असतात. एकाची लाळ गव्हाणीत, पाण्यात पडली की शेजारच्याचा हिशेबही बिघडतो. म्हणून गाडीवानांनी तळावर येण्याच्या महिनाभर आधी गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लस टोचून घ्यावी, कानातला बिल्ला तपासून नोंद करून घ्यावी. तोंडातून लाळ गळणारे किंवा लंगडणारे जनावर तळावर आणू नये. गटाच्या चिटबॉयला सांगावे.